कुंकू लावलेला टॅग

आमच्या कारखान्यात शेवटची टिक माझी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रसायनांच्या दोन मोठ्या कंपन्यांच्या मधल्या गल्लीत आमचा गाळा आहे. मालक धरून सात माणसं. इलेक्ट्रॉनिक सर्किट नळकांड्यात बसवायचं आणि वरून रेझिन ओतून ते कायमचं बंद करायचं, म्हणजे आत पाणी जात नाही. पाण्याचे मीटर, विहिरीतल्या पंपांचे सेन्सर, होड्यांचे दिवे असं काय काय आमच्या हातून गेलेलं आहे. कुठलीही वस्तू खोक्यात जाण्याआधी माझ्या टेबलावर येते आणि मी रजिस्टरमध्ये टिक केल्याशिवाय पुढे सरकत नाही. एकोणीस वर्षं हेच करते आहे. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो म्हटलं तरी चालेल, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची. घरी नवरा म्हणतो, हिच्यासमोर कांदा चिरायचीसुद्धा सोय नाही.

हे लिहायला बसले आहे ते मात्र माझ्याच एका टिकमुळे.

दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका छोट्या कंपनीने आमच्याकडे नवीन काम दिलं. देवमाशाच्या पाठीवर लावायचा टॅग. वीतभर लांबीचं स्टीलचं नळकांडं, एका टोकाला कातडीत रुतणारं पातं, दुसऱ्या टोकाला केसासारखी बारीक अँटेना. तो देवमाशाच्या पाठीत बसला की उपग्रहाला निरोप पाठवतो आणि किनाऱ्यावर बसून आपल्याला कळतं, देवमासा आज कुठे आहे. मालकांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आमच्या गल्लीतून कुरिअरवाल्याला धड पत्ता सापडत नाही, आणि आम्ही देवमाशाचा पत्ता काढणार.

मग एक दिवस त्या प्रकल्पावर काम करणारी मुलगी स्वतः आली. मुलगीच, तिशीच्या आतली, पण आम्ही तिला मॅडम म्हणायचो. ती रेझिनच्या रिकाम्या पिंपावर बसली आणि तिने आम्हाला सगळं नीट समजावलं. आम्ही काय बनवतो ते पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला असं बसून सांगत होतं. देवमासा हा मासा नाहीच, म्हणाली, तो आपल्यासारखा श्वास घेतो, त्यासाठी त्याला वर यावंच लागतं. टॅगच्या अंगावर धातूचे दोन बारीक ठिपके असतात. पाण्याखाली असताना खारं पाणी त्या दोन ठिपक्यांना जोडतं आणि टॅग गप्प राहतो. देवमासा श्वासाला वर आला, पाठ पाण्याबाहेर आली, ठिपके सुटे झाले, की टॅग बोलतो. पाण्याखालून पाठवलेला निरोप कुठेच पोचत नाही, नुसती बॅटरी वाया जाते.

"तेवढे दोन ठिपके जपा," ती मला म्हणाली. "बाकी काही झालं तरी चालेल."

थंडीत हे देवमासे आपल्या किनाऱ्याला दिसतात, असं तिने सांगितलं. मच्छीमार सांगतात, कधी फोटोही पाठवतात. पण पाऊस आला की समुद्र बंद. होड्या वर ओढलेल्या, बघायला कोणी नाही. जेठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत ते कुठे जातात, इथेच खोल पाण्यात राहतात की समुद्र ओलांडून पलीकडे जातात, हे तिला हवं होतं. टॅग पावसाळा संपेपर्यंत टिकला तर पहिल्यांदा ते कळणार होतं. माझं माहेर जयगडच्या बाजूला. पावसाळ्यातला तो समुद्र मी लहानपणापासून दारातून पाहिलेला आहे, आणि तेव्हा त्याच्यात काय चाललेलं असेल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो त्या दिवशी पडला.

आतलं बॅटरीचं सोल्डरिंग काकांचं. काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी ठाण्याला वर्तकनगरात राहायचे आणि रेडिओच्या कंपनीत होते. ती बंद पडल्यावर आमच्याकडे आले आणि घर आंबिवलीला घेतलं. मी लागले तेव्हा मला मीटर कसा वाचायचा हे त्यांनीच शिकवलं. त्यांनी केलेला जोड मी कधी भिंगाखाली धरला नाही. बाकी सगळ्यांचे धरायचे. आंबिवलीत त्यांच्या बिल्डिंगमधले मिक्सर, इस्त्र्या, जुने रेडिओ त्यांच्याच टेबलावर यायचे, आणि त्याचे पैसे ते घ्यायचे नाहीत.

पहिला टॅग तयार झाला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. त्याची शेवटची तपासणी बादलीत करायची होती, समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात. मीठ किती घालायचं ते कागदावर लिहिलेलं होतं, पण आमची पॅकिंगवाली बाई कागदाकडे बघेना. ती इथलीच, आगरी, तिच्या आजोबांची खाडीला मिठागरं होती. खडे मिठाच्या मुठी टाकत गेली, एक बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "आता बराबर खारा झायला पानी." मी मीटर लावून पाहिलं, तर खरंच बरोबर. टॅग बुडवला, गप्प. वर काढून झटकला, बोलला. दहा वेळा केलं, दहाही वेळा ठीक. रजिस्टरमध्ये टिक केली.

दुसऱ्या दिवशी पूजा. आमच्याकडे खंडेनवमीला कारखाना धुऊन काढतात, झेंडूची तोरणं लावतात आणि एकेका वस्तूला हळदकुंकू. ओव्हन, वजनकाटा, कॉम्प्रेसर, काकांची सोल्डरिंगची गन, माझा मीटर, आग विझवायचं ते लाल सिलिंडर, काही सोडत नाहीत. कोरडं कुंकू धातूवर टिकत नाही म्हणून ते तेलात कालवलेलं असतं. ताट माझ्या हातात होतं. सगळं झाल्यावर मला फोममध्ये ठेवलेला तो टॅग दिसला.

काका मागेच होते. म्हणाले, "अगं, हत्यारांना लावतात. मालाला नाही."

"हा काय नुसता माल आहे का? समुद्रात जाऊन हाच काम करणार आहे."

ते हसले, आणि मी बोट टेकवलं. तो पहिला होता, आमच्या हातचा होता, इतक्या लांब जाणार होता. मुलाला परीक्षेला पाठवताना दही देतो, तेवढंच माझ्या मनात होतं. अँटेनेच्या खाली बोट टेकलं आणि तेलाचा ओघळ ठिपक्यांपर्यंत गेला.

प्रसाद वाटून होतो न होतो तोच मालकांचा फोन वाजला. ठाण्याहून माणूस निघालाय, दसऱ्याची सुट्टी लागायच्या आत टॅग घेऊन जाणार, तासाभरात पोचतो. मी धावत जाऊन टॅग पुसला. कोऱ्या कपड्याने बराचसा लाल निघाला, पण ठिपक्यांभोवती जी बारीक खाच असते तिच्यात रंग अडकून बसला. थिनर हवा होता. थिनरचा कपडा रेझिनच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेला असतो, सांडलेलं रेझिन पुसायला. तो कपडा तयार मालाला लावायचा नाही हा नियम मीच केलेला. त्यावरून मी माणसांना चारचौघात झापलेलं आहे. त्या दिवशी मात्र दुसरा भिजवत बसायला वेळ नव्हता. दोन हात मारले, लाल गेला, टॅग लखलखीत झाला. खोक्यात ठेवला, खोकं चिकटवलं. बादलीतलं पाणी सकाळीच ओतून दिलेलं होतं. टिक तर आदल्या दिवशीच झालेली होती.

पौषात मॅडमचा फोन आला, टॅग लागला. दक्षिणेकडे, लक्षद्वीपच्या बाजूला, एका मोठ्या मादीला. तिने आम्हाला नकाशाची लिंक पाठवली आणि त्यानंतरचे दोन महिने मी वेड्यासारखी वागले. सकाळी दूध तापत ठेवायचं आणि फोन उघडायचा. नकाशावर एक लाल ठिपका, मग दुसरा, मग तिसरा, आणि त्यांना जोडणारी रेघ. मादी वर सरकत होती. कारवार गेलं, गोवा गेला. मालवणच्या समोर ती चार दिवस थांबली तर मी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटले की तिथे तिला तारली मासळी चांगली मिळत असणार. काका माझ्या फोनवर वाकून बघायचे आणि विचारायचे, आज मासा कुठे? मासा नाही हो काका, असं मी मॅडमच्या थाटात सांगायचे. बरं, म्हणायचे, पण आज कुठे? आमच्या दोघांच्या हाताचं काहीतरी तिकडे खोल समुद्रात जिवंत होतं, याचा मला जो आनंद व्हायचा तो मी आजवर कुठल्याच कामात अनुभवला नव्हता.

शिमग्याला मी माहेरी गेले. मादी तेव्हा रत्नागिरीच्या वर आलेली, अगदी आमच्या जयगडच्या समोर, किनाऱ्यापासून लांब पण समोरच. पालखी घरी येऊन गेल्यावर मी भावाला आणि वहिनीला घेऊन दुपारच्या उन्हात सड्यावर गेले, कारण तिथून समुद्र उघडा दिसतो आणि फोनलाही रेंज येते. काहीच दिसणार नव्हतं हे मला माहीत होतं. तरी बघत बसलो. वहिनी म्हणाली, तिला कुठे माहितीय, तिच्यासाठी एक माहेरवाशीण इथे उभी आहे. आम्ही खूप हसलो. फोनवरचा शेवटचा ठिपका आदल्या दिवशीचा होता.

त्याच्यानंतर ठिपका आलाच नाही. आधी वाटलं, उद्या येईल. डोंबिवलीला परत आल्यावर रोज सकाळी दूध उतू जाईपर्यंत नकाशा बघायचे. रेघ तिथेच थांबलेली, माझ्या माहेरासमोर. मॅडमने फोनवर सांगितलं की मादीला काही झालं नसावं, टॅगची बॅटरी संपली. पावसाळा यायला अजून तीन महिने होते.

चैत्रात ठाण्याहून मेल आला. बॅटरी इतक्या लवकर उतरायचं कारण नाही, बहुधा जोडातून करंट गळत असावा, कोणी केला ते पाहा. मालकांनी काकांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मेल वाचून दाखवला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"असू शकेल," ते म्हणाले. "जोड माझाच आहे."

मालकांनी मला विचारलं, तुमच्या तपासण्या? मी रजिस्टर उघडून दाखवलं. सगळ्या झाल्यात सर, म्हटलं. तेव्हा मला त्या कपड्याची आठवण झाली नाही हे शपथेवर सांगते, पण कुंकवाची झाली. मग मीच माझी समजूत घातली की तेलकुंकू ते किती, समुद्रात पहिल्याच बुडीत धुऊन गेलं असेल. तोंड मी उघडलं नाही. काका इतक्या पटकन हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यांनी हो म्हटल्यावर मला जरा सुटल्यासारखं झालं होतं. ते लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं होतं.

मालक वाईट माणूस नाही. त्यांनी काकांना काढलं नाही; आता डोळ्यांना ताण नको म्हणून पॅकिंगला बसवलं. काका दोन आठवडे खोकी चिकटवत बसले. मग एका सोमवारी आले नाहीत, मंगळवारी आले नाहीत, आणि शनिवारी त्यांच्या मुलाने येऊन त्यांचा डबा आणि चप्पल नेली. सोल्डरिंगची गन त्यांची स्वतःची होती. ती राहू दे म्हणालेत, असं मुलाने सांगितलं.

श्रावणात मॅडम परत आली, येत्या थंडीच्या नवीन टॅगचं बोलायला. लॅपटॉप माझ्याच टेबलावर उघडला. बोलता बोलता सांगायला लागली की तिने जुन्या टॅगचे सगळे निरोप पुन्हा तपासले. प्रत्येक निरोपात एक आकडा असतो, टॅग आजपर्यंत एकूण किती वेळा बोलला त्याचा. तो आकडा भलताच मोठा निघाला. उपग्रहापर्यंत पोचले त्याच्या कित्येक पट निरोप टॅगने पाठवलेले होते.

"म्हणजे तो पाण्याखालीही बोलतच होता," ती म्हणाली. "ठिपक्यांवर काहीतरी बसलं असणार. त्याला पाणी लागतच नव्हतं. सारखं वाटत होतं, आपण वरच आहोत."

काय बसलं असेल, मालकांनी विचारलं. शेवाळ असेल, कातडीचा तेलकटपणा असेल, मॅडम म्हणाली, समुद्रात काय सांगता येतं, कुणाची चूक नाही. मालकांचा जीव भांड्यात पडला. पॅकिंगवाल्या बाईने तेवढ्यात विचारलं, मग काकांचा जोड? जोड उत्तम होता, मॅडम म्हणाली. मालक म्हणाले, आजच फोन करून सांगतो त्यांना.

मी रेझिनच्या टेबलाकडे बघत होते. खिळ्याला कपडा टांगलेला होता. मी उठले, तो हातात घेतला, थिनरमध्ये बुडवला आणि स्टीलच्या एका रिकाम्या नळकांड्यावर दोन हात मारले. वाळल्यावर लखलखीत दिसत होतं. नखाने खरवडलं तर रेझिनचा अगदी पातळ, काचेसारखा पापुद्रा निघाला. कोणी विचारलं नाही, मी काय करते आहे. माझ्या टेबलावर मी काय करते हे कोणी विचारत नाही.

त्यानंतरचे दीड महिने मी गप्प राहिले. कारणं भरपूर होती. काकांना फोन गेला होता, जोड चांगला होता हे त्यांना कळलं होतं. दोष समुद्रावर गेला होता आणि समुद्राला काही फरक पडत नव्हता. मी सांगून कुणाचं भलं होणार होतं? एवढं सगळं बरोबर होतं, पण झोप येत नव्हती आणि जेवण जात नव्हतं. रोज दुसऱ्यांच्या वस्तू उलटसुलट करून बघायचे आणि चूक सापडली की बोलताना माझाच आवाज मला खोटा वाटायचा. गणपतीत घरी इतकी माणसं आली, त्यांच्यासमोर मोदकांच्या कळ्या मोजून पाडत होते आणि मनात मात्र तो पापुद्रा. शेवटी पितृपक्षातल्या एका रविवारी सकाळी मी आंबिवलीला गेले. मनाशी ठरवलं होतं की काकांना फक्त भेटायचं, जोड चांगला होता हे आपल्या तोंडाने सांगायचं, आणि यायचं. कपड्याचं काढायचं नाही. इतकी मी भित्री आहे.

काकांनी दार उघडलं. बारीक झाले होते. बाहेरच्या खोलीतलं त्यांचं टेबल मी पाहिलेलं होतं, तारा, स्क्रू, उघडे रेडिओ. आता त्याच्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत आणि नातवाची पुस्तकं होती. कोपऱ्यात जमिनीवर एक मिक्सर होता, तसाच बंद. शेजाऱ्यांचा आहे, काकू म्हणाल्या, घेऊन जा म्हटलं तरी ठेवूनच गेलेत. काकूंनी चहा आणला. काकांनी कप दोन्ही हातांनी उचलला. लहान मुलं पेला धरतात तसा, दोन्ही तळहातांत.

मी म्हटलं, काका, तुम्हाला सरांचा फोन आला ना, जोड चांगला होता म्हणून? आला होता, म्हणाले. मग? ते जरा हसले. मालक भला माणूस आहे, म्हणाले, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतो. समुद्राचं काय, त्याच्यावर काहीही ढकलावं. मग त्यांनी मला सांगितलं की ते आधी कल्याणला डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले नजर ठीक आहे. मग ठाण्याला जाऊन हातांच्या शिरा तपासल्या. त्यातही काही निघालं नाही. ज्याअर्थी डोळे नाहीत आणि शिरा नाहीत त्याअर्थी हातच गेलाय, ते कागदावर येत नाही, असं ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात म्हणाले, रागाने नाही. हातावर भरवसा नाही म्हणून टेबल आवरून टाकलं.

माझ्या लक्षात आलं की चूक कुणाची तरी आहे हे कळल्याशिवाय ती आपली नाही हे या माणसाला पटणार नाही. मी कप खाली ठेवला.

"काका, ते समुद्राने नाही केलं. मी केलं. कुंकू पुसायला मी रेझिनचा कपडा घेतला. ठिपक्यांवर पापुद्रा बसला."

मग त्यांनी मला तपासलं, अगदी मी त्यांच्याकडून शिकले तसं.

"खिळ्यावरचा कपडा?"

"हो."

"बादलीतली तपासणी?"

"आदल्या दिवशी. पूजेनंतर नाही केली."

"हे तुला कधी कळलं?"

"श्रावणात."

श्रावणात, ते पुटपुटले. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि उजवा हात समोर धरला, तळहात खाली, बोटं पसरून. बराच वेळ बघत राहिले. हात हलत नव्हता. मला वाटतं तो कधीच हलत नव्हता. मला रडू आलं, पण रडायचा अधिकार माझा नव्हता म्हणून मी खाली बघत बसले.

"अगं, बाहेर ये," त्यांनी काकूंना हाक मारली. काकू आल्या. "हिच्यासमोर परत सांग."

मी परत सांगितलं. काकू पदराला हात पुसत ऐकत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. काकांनी फोन काढला, मुलाला लावला, स्पीकरवर टाकला. आता याला सांग. मी सांगितलं. मुलगा म्हणाला, बाबा, मी तुम्हाला म्हटलं नव्हतं का, हात चांगला आहे तुमचा. मग काका उठले, दार उघडून समोरच्या शेजाऱ्यांना बोलावून आणलं, तेच मिक्सरवाले. त्यांना देवमासाही माहीत नव्हता आणि टॅगही माहीत नव्हता, बनियनवर येऊन दारात उभे राहिले. त्यांनाही सांगितलं. प्रत्येक वेळी सांगताना माझं सांगणं लहान होत गेलं. शेवटी एवढंच उरलं: चूक माझी होती, यांची नाही. शेजारी बरं बरं म्हणाले आणि गेले. मी त्या मिक्सरकडे बघायचं टाळलं.

मालकांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते एवढंच म्हणाले की रजिस्टरमध्ये तपासणीचा एक रकाना वाढवा. मॅडमला फोन केला, तिने शांतपणे ऐकून घेतलं, सांगितलंत हे बरं केलंत म्हणाली. त्या मादीच्या शेपटीचे फोटो त्यांच्याकडे आहेत. यंदा ती दिसली तर ओळखू येईल. तिची पावसाळ्यातली वाट मात्र कुणाकडे नाही. नवीन टॅग लागेल तो दुसऱ्याच कुठल्या तरी देवमाशाला.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी शेजारी गेल्यावर काका पुन्हा खुर्चीत बसले. चहा निवून गेला होता. त्यांनी कप उजव्या हाताने उचलला, एकाच हाताने, आणि तो थंड चहा संपवला. मी निघायला उठले. मला वाटत होतं ते एखादा शब्द बोलतील, जाऊ दे असं म्हणतील. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघत होते.

"मासा पावसात कुठे गेला ते कळलं का?" त्यांनी विचारलं.

नाही काका, म्हटलं. आता ते कळायचं नाही.

"मला सांगितलंस, हिला सांगितलंस, शेजाऱ्यांना सांगितलंस," ते म्हणाले. "आता त्या माशाचं कुणाला सांगणार?"

ते मला सोडायला दारापर्यंत आले नाहीत. मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.